खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळताना



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "आधी आमच्या गावच्या प्यायच्या पाण्याचं बघा की, समुद्रातल्या माशांचं काय घेऊन बसलाय!" म्हणणं खोटं नाही. पण हा विषय आमच्याकडं आपल्या पायांनी चालत आलाय. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी सकाळच्या एसटीनं शाहूपुरीत कामाला येतात. कुणी घरात, कुणी दवाखान्यात, कुणी हॉटेलात. अशा ठिकाणी आता दर्शनी भागात काचेची मोठी टाकी दिसते. निळा उजेड, दगडांची रचना आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे. पोरं त्याला निमो म्हणतात. ही टाकी खाऱ्या पाण्याची असते, आणि हळूहळू तिची साफसफाई केर-फरशी करणाऱ्या बाईकडं येते. सांगताना एवढंच सांगितलं जातं, "ताई, टाकी जरा स्वच्छ करून ठेवा."

मग ताई टाकी स्वच्छ करते. आपल्याला जशी सवय, तशी. पाणी सगळं उपसायचं, दगड बाहेर काढून ब्रशनं घासायचे, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा, काच लखलखीत. तिसऱ्या दिवशी मासे मरतात आणि बोट ताईकडं वळतं. अशी हकिगत आमच्या बैठकीत एकदा नाही, तीन वेगवेगळ्या गावांच्या बायकांनी सांगितली. एकीच्या पगारातून पैसे कापले गेले. हे मासे स्वस्त नसतात, त्यामुळं कापलेली रक्कमही लहान नव्हती. त्या तिघींनीही काम मनापासून केलं होतं. त्यांना सांगायला हवं ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आज आपण नीट समजून घेऊ.

समुद्रातला मासा पाण्यात घाण करत नाही का? करतो. पण समुद्र केवढा! त्यानं टाकलेलं तिथं पुरून उरत नाही. भरती-ओहोटी आहे, लाटा आहेत, तळातले असंख्य जीव आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच जणी गणपतीपुळ्याला जाताना रत्नागिरीत झाडगावचं मत्स्यालय बघून आल्या असतील, तेच जिथं देवमाशाचा भला मोठा सांगाडा ठेवलाय. ते कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. या दोन्ही ठिकाणांना समुद्र हाकेच्या अंतरावर आणि हाताशी शिकलेली माणसं. शाहूपुरीतल्या दिवाणखान्यातल्या टाकीला यातलं काही नाही. घाट उतरून समुद्र गाठायचा तर सव्वाशे किलोमीटरच्या पुढं जावं लागतं. शे-दोनशे लिटर पाणी, चार काचा, आणि त्या पाण्याचं काय करायचं ते करणारे आपले हात.

आता मुद्द्याचं. मासा खातो, त्याच्या अंगातून जे नको ते बाहेर पडतं. त्यातला बराचसा भाग अमोनियाच्या रूपानं त्याच्या कल्ल्यांतूनच पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही की डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो याचाच. फरक एवढाच, की गोठ्यातला वास आपल्याला कळतो. टाकीतला अमोनिया दिसत नाही, वासही येत नाही, आणि पाणी आरशासारखं नितळ असतानाही मासा गुदमरतो. खाऱ्या पाण्यात तर अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त जहरी पडतो, कारण समुद्राचं पाणी सोड्यासारखं थोडं अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात त्याचं विषारी रूप वाढतं. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा: नितळ पाणी आणि निरोगी पाणी यांचा संबंध आपण समजतो तेवढा नाही.

मग सांभाळलेल्या टाकीत मासे वर्षानुवर्षं जगतात कसे? तिथं आणखी कुणीतरी कामाला असतं. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, साठून फार वाढलं तरच त्रास देतं. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे फिरत नाहीत. ते चिकटून राहतात, दगडाच्या छिद्रांत, वाळूत आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजमध्ये. तोच स्पंज, जो बघून आपल्याला वाटतं, शी, किती घाण!

विरजणाचं उदाहरण घ्या. दुधाचं दही आपण लावत नाही, विरजण लावतं. भांडं कितीही घासून ठेवलं आणि विरजणच धुऊन टाकलं, तर दही लागणार कसं? टाकीतला स्पंज आणि दगड हे विरजण आहे. नळाखाली पिळला की ते गेलं. नुसतं धुऊन जात नाही, मरतं. कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती जंतू मारण्यासाठीच असते, आणि तिला आपले जंतू आणि टाकीचे जंतू असा भेद कळत नाही. मासे खात राहतात, अमोनिया सोडत राहतात, तो उचलणारं कुणी उरत नाही. धुतल्यानंतर तिसरा दिवस का, याचं उत्तर हे.

म्हणून स्पंज धुवायचाच, पण टाकीतून काढलेल्याच पाण्यात. बादलीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात स्पंज दोन-तीनदा हलका दाबायचा, गाळ सुटला की परत लावायचा. पांढरा होईपर्यंत पिळायचा नाही, तपकिरीच राहू द्यायचा. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवायचा. दगड बाहेर काढून घासायचे नाहीत. काचेवरचं हिरवं शेवाळ तेवढं स्वच्छ घासणीनं काढायचं. ती घासणी फक्त टाकीची, भांड्याच्या साबणाचा तिला स्पर्श झालेला नको.

तांब्याचंही इथंच सांगून टाकू, कारण ही चूक चांगल्या समजुतीतून होते. तांब्याच्या घागरीतलं पाणी चांगलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यात तथ्य आहे, तांब्यात जंतू मरतात. पण मग टाकीतले कामाचे जिवाणूही त्यात टिकत नाहीत, आणि टाकीतल्या कोळंब्या, गोगलगायी, शंखातले जीव तर तांब्याच्या अगदी थोड्या अंशानं मरतात. तेव्हा तांबं, पितळ, गंजलेली लोखंडी बादली, यातलं काही त्या पाण्याला लावायचं नाही. प्लॅस्टिकची एक बादली आणि एक मग वेगळे ठेवायचे. त्यावर नेलपेंटनं माशाचं चित्र काढलं तरी चालेल, म्हणजे घरातलं दुसरं कुणी त्यात कपडे भिजवणार नाही.

नवीन टाकी असेल तर मालकांना घाई असते. टाकी आज आली, मासे आजच हवेत, संध्याकाळी पाहुणे यायचेत. विरजण लागायला रात्र लागते, इथं साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गोबर गॅसचा खड्डा भरला की लगेच शेगडी पेटत नाही, तसंच हे. या काळात टाकीत मासे न सोडता चिमूटभर खाणं किंवा कोळंबीचा लहान तुकडा टाकतात. तो कुजतो, अमोनिया होतो, जिवाणू वाढायला लागतात. बाजारात थेंब टाकून रंग बघायची टेस्ट किट मिळते. तिच्यात आधी अमोनिया चढताना दिसतो, मग नायट्राइट. पुढं दोन्ही उतरून शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की मासे आणायचे. तेही एकदम दहा नाहीत. आधी दोन, मग काही आठवडे थांबून आणखी.

खारं पाणी करतात कसं, हेही बायकांनी विचारलं होतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर कितीतरी क्षार असतात. ते सगळे असलेलं सागरी मीठ मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. पाकिटावर जे प्रमाण दिलंय तेच शेवटी धरायचं. पाणी शक्यतो आरओचं घ्यायचं. आधी ड्रममध्ये पाणी, मग थोडं थोडं मीठ, आणि पंप लावून रात्रभर फिरवत ठेवायचं. आधी मीठ आणि वरून थोडं पाणी असं केलं तर क्षार खाली पांढरे बसतात आणि ते परत विरघळत नाहीत. टाकीत मासे असताना त्यात थेट कोरडं मीठ कधीच टाकायचं नाही. खारटपणा मोजायला हायड्रोमीटर असतो. त्याचा आकडा 1.025 च्या आसपास हवा, आणि महत्त्वाचं म्हणजे तो रोज तेवढाच हवा. मासा थोडा कमी-जास्त खारटपणा सोसतो, रोजची उडी सोसत नाही.

आता एक प्रश्न. एप्रिल-मे महिन्यात टाकीचं पाणी दोन बोटं कमी झालं. वरून काय घालाल? बैठकीत बहुतेक जणींनी उत्तर दिलं, खारं पाणी. मग आम्ही विचारलं, आमटी चुलीवर आटली तर काय घालता? सगळ्या हसल्या. आटताना पाणी उडून जातं, मीठ मागंच राहतं. आटलेल्या आमटीत आपण मीठ घालत नाही, पाणी घालतो. टाकीतही आटलेलं पाणी गोड्या पाण्यानंच भरायचं, रोज थोडं थोडं. काचेच्या बाहेरून एक चिकटपट्टी लावून पाण्याची खूण करून ठेवली की अंदाज चुकत नाही.

पाणी बदलणं ही मात्र वेगळी गोष्ट. साठलेलं नायट्रेट काढायचं तर थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं तयार खारं पाणी घालायचं. दर पंधरा दिवसांनी दहा ते पंधरा टक्के पुरतं. म्हणजे 200 लिटरच्या टाकीतून दोन बादल्या, फार तर तीन छोट्या. तळाच्या वाळूतला गाळ नळीनं ओढून घेत घेत हे पाणी काढायचं. नव्या पाण्याचा खारटपणा आणि कोमटपणा टाकीएवढाच हवा, 25 अंशांच्या जवळपास. सगळं पाणी एकदम बदलायचं काम कुणी सांगितलं तर आपण सांगायचं, "नाही दादा, असं करत नाहीत." आवाज चढवायची गरज नाही, कारण सांगायचं.

बऱ्याच टाक्यांना प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र असतं. नाव जड आहे, काम आपल्या ओळखीचं आहे. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना वर मळी येते, ती गुळव्या झाऱ्यानं काढत राहतो, नाहीतर गूळ काळा पडतो. स्किमर बारीक हवेचे बुडबुडे सोडतो, बुडबुड्यांना पाण्यातली चिकट घाण चिकटते, फेस वर चढतो आणि कपात जमा होतो. कुजून अमोनिया व्हायच्या आधीच घाण बाहेर. हा कप दोन-तीन दिवसांनी काढून धुवायचा. साबण नाही, नुसतं पाणी. वास भयंकर येतो, पण तो कपात आहे म्हणजे टाकीत नाही.

खाण्याबद्दल एवढंच की मासे मेल्याच्या हकिगतींमध्ये खाणं जास्त टाकल्याच्या हकिगती फार. घरातली लहान मुलं येता-जाता चिमूट टाकतात, आजोबाही टाकतात. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, आणि टाकणारं माणूस एकच असावं. मासा एखादा दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. उरलेलं कुजलं तर होतं.

प्राणवायूचं थोडं सविस्तर सांगायला हवं. पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो. नदीत मळीचं आणि गटाराचं पाणी मिसळलं की ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. रंकाळा हिरवागार झालेलाही आपण पाहिला, तिथंही सांडपाण्यातून आलेलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत म्हणून मिळालं. टाकीत हेच सगळं लहान प्रमाणात आणि फार वेगानं होतं. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो, पाणी तापलं की आणखी कमी. म्हणून वीज जाणं हे टाकीचं मोठं संकट. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. नसेल तर चहा गार करायला आपण वरून धार धरतो तसं मगानं टाकीतलंच पाणी वरून परत टाकीत सोडायचं, दर थोड्या वेळानं. स्विच तेव्हा बंद ठेवायचे. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापुरात नळाचं पाणी कित्येक दिवस बंद होतं. अशा वेळी माणसांना प्यायला पाणी नसताना माशांना कोण विचारणार? पण पावसाळ्याच्या तोंडाला एक ड्रम तयार खारं पाणी झाकून ठेवलं, तर तेवढ्यावर निभावतं.

हवेतून काय जातं तेही बघा. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. डासांचा फवारा, झुरळांचं औषध, भिंतींचा ताजा रंग, धुपाचा दाट धूर, फरशीच्या फिनेलचा शिंतोडा. कीटकनाशक कोळंबीला तर फारच लवकर मारतं. फवारा मारायचाच असेल तर टाकी ओल्या फडक्यानं झाकायची, पंप तेवढा वेळ बंद. हातालाही साबण, बाम, तेल नको. साध्या पाण्यानं कोपरापर्यंत धुतलेला हात चालतो.

आणि आपला जीव. मिठाच्या पाण्यातून वीज फार सहज वाहते. टाकीत हीटर आणि पंप बुडवलेले असतात. हात घालायच्या आधी सगळे स्विच बंद, शक्य असेल तर प्लग काढलेले. तार टाकीपासून बोर्डाकडं थेट न जाता मधे खाली लोंबती असावी, म्हणजे थेंब तारेवरून बोर्डात न जाता खाली गळतो. घराला अर्थिंग आणि ईएलसीबी आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे, या पाण्यातले काही जंतू जखमेत शिरून महिनोन्‌महिने न भरणारे फोड आणतात. पाणी ओढायला नळी तोंडात धरायची नाही.

आता वहीची गोष्ट. आपल्या गटात दहा रुपये जमा झाले तरी वहीत लिहिले जातात. टाकीचीही एक वही ठेवा. तारीख, खारटपणा, तापमान, अमोनिया, काय काम केलं, कुणी सांगितलं. पाच ओळी. मालकांची आठवड्याला एक सही. मासा मेला तर त्या वहीत कारण सापडायची शक्यता असते, आणि कारण सापडलं नाही तरी आपण काय केलं आणि काय केलं नाही, ते तिथं लिहिलेलं असतं. वर सांगितलेल्या तिघींपैकी एकीनं नंतर दुसऱ्या ठिकाणी अशी वही सुरू केली. तिथं एक मासा गेला, वही उघडली, आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी झुरळांचं औषध मारल्याची नोंद तिनं केलेली होती. पगाराला कुणी हात लावला नाही. तेव्हा हे काम केर-फरशीच्या पगारात धरू नका. टाकी सांभाळणारी माणसं शहरात फेरीमागं वेगळे पैसे घेतात, आणि त्यांच्याएवढंच आपण करत असू तर मागणी वेगळी करायची.

काढलेलं खारं पाणी कुठं टाकायचं? कुंडीत नाही, तुळशीत नाही, परसातल्या आळ्यात नाही. शिरोळ भागातल्या बायकांना क्षारपड जमीन म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. मोरीत भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडायचं. आणि टाकीला कंटाळलेले मालक म्हणाले, "हे मासे रंकाळ्यात सोडून या," तर सोडायचे नाहीत. समुद्राचा मासा गोड्या पाण्यात तडफडून मरतो. दुकानदाराकडं परत द्यायचे. कोकणात गेल्यावर टाकीसाठी म्हणून पोवळ्याचा तुकडा किंवा समुद्रघोडा आणायचाही मोह नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, आणि पकडलं गेलं तर गुन्हा आणणाऱ्यावर लागतो, मागवणाऱ्याचं नाव मागं राहतं.

दोन गटांनी विचारलंय, आपण हे मासे वाढवून विकायचे का? खाऱ्या पाण्यातले शोभेचे बहुतेक मासे आजही थेट समुद्रातून पकडूनच येतात. घरात मेलेल्या प्रत्येक माशाच्या जागी समुद्रातून आणखी एक निघतो. पट्ट्यांचा निमो मात्र माणसाच्या देखरेखीखाली अंडी घालतो, आणि नवी मुंबईत ऐरोलीला अशा माशांची पिल्लं तयार करायचं केंद्र आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायकांचे गट समुद्री शोभिवंत जीव वाढवतात. पण त्यांच्या दारात समुद्र आहे. कोल्हापुरात मिठापासून सगळं विकत घेऊन तो धंदा परवडेल असं आम्हाला वाटत नाही, आणि कर्ज काढून तर नकोच. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली यांचं वेगळं आहे, त्यांच्यावर पुढं कधीतरी बोलू. तोपर्यंत शाहूपुरीत टाकीवर काम करणाऱ्या ज्या ताई आहेत त्यांनी येत्या मासिक बैठकीला आपापली वही घेऊन यावं. टेस्ट किट आम्ही आणतोय, थेंब टाकून रंग कसा वाचायचा ते सगळ्या मिळून करून बघू.